कॉन्टेसाची बखर

बखर लिहायची म्हणजे वंशावळीपासून सुरुवात करावी लागते. आधी मूळ पुरुष, मग त्याचं वतन, मग भाऊबंदकी, आणि वाचक जांभया देऊ लागला की ज्याच्यासाठी बखर लिहायला घेतली तो नायक. आमच्या बखरीला नायक नाही, नायिका आहे. तिचं नाव कॉन्टेसा. इटालियन भाषेत कॉन्टेसा म्हणजे उमरावाची बायको. आपण तिला सरदारीण म्हणू. हिंदुस्थान मोटर्स या कंपनीने १९८४ साली ही सरदारीण बाजारात आणली आणि २००२ साली तिची पाठवणी केली. म्हणजे नोकरी फक्त अठरा वर्षांची. एवढ्या सेवेवर आमच्या बँकेत पूर्ण पेन्शनसुद्धा बसत नाही.

मूळ पुरुष तेराव्या शतकातला. इंग्लंडच्या जॉन राजाच्या पदरी फॉक नावाचा एक भाडोत्री सरदार होता. लग्नामुळे त्याला लंडनजवळ थेम्स नदीच्या दक्षिण काठावर जागा मिळाली. (सासरवाडीकडून जागा मिळणारे जावई तेराव्या शतकातही होते, याची नोंद आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरच्यांनी घ्यावी.) तिथे त्याचा वाडा झाला, त्या वाड्याला लोक फॉक्स हॉल म्हणू लागले, आणि इंग्रजांच्या तोंडात काही शतकं घोळून त्याचं व्हॉक्सहॉल झालं. फॉकच्या ढालीवर गरुडाचं तोंड आणि सिंहाचं धड असलेला एक प्राणी होता. तो आजही त्या मोटारींच्या नाकावर बसलेला असतो. याच व्हॉक्सहॉलमधल्या करमणुकीच्या बागा इतक्या गाजल्या, की रशियात एका रेल्वे स्टेशनाला लागून तशीच बाग आणि गाण्याचा हॉल काढला, आणि पुढे रशियन भाषेत स्टेशनालाच 'वोकझाल' म्हणू लागले. हे सगळं मोटारीशी फारसं संबंधित नाही. पण बखरीत असं येतंच.

१८५७ साली, आपल्याकडे उत्तरेत धामधूम चालू असताना, व्हॉक्सहॉलला एक लोखंडी कारखाना निघाला. आधी पंप आणि बोटींची इंजिनं, १९०३ साली पहिली मोटार, १९०५ साली लूटन गावी बिऱ्हाड, आणि १९२५ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने कारखानाच विकत घेतला. या घराण्यात १९७२ साली व्हिक्टर नावाच्या मोटारीची शेवटची पिढी जन्मली. रुंद, लांब, अमेरिकन वळणाची. १९७६ साली तिचं नाव बदलून व्हीएक्स केलं आणि १९७८ साली तिचं उत्पादन थांबवलं. इंग्लंडच्या दृष्टीने गोष्ट संपली.

आपल्या दृष्टीने ती इथे सुरू होते.

त्या काळात आपल्या देशात मोटार जन्माला येत नसे, दत्तक येत असे. मॉरिस ऑक्सफर्ड नावाचं इंग्रज मूल आपण आणलं आणि त्याचं बारसं अॅम्बॅसेडर म्हणून केलं. फियाट अकराशे नावाचं इटालियन मूल कुर्ल्यात वाढलं आणि पुढे पद्मिनी झालं. आम्हां सातारकरांना दत्तक या शब्दाचा जरा धसकाच आहे. दत्तक नामंजूर झालं म्हणून १८४८ साली आमचं अख्खं राज्य खालसा झालं. पण दिल्लीच्या लायसन्स खात्याने मोटारींच्या बाबतीत डलहौसीच्या बरोबर उलट धोरण ठेवलं होतं. घरात पोर होऊ द्यायचं नाही. दुसऱ्याचं जुनं पोर आणलंत, तर मात्र कागदपत्रं पाहून परवानगी.

यात एक गंमत आहे. जनरल मोटर्सचा स्वतःचा कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून होता. सुटे भाग जहाजातून उतरवायचे आणि इथे जोडायचे, असा तो धंदा. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सांगितलं, की नुसतं जोडकाम चालणार नाही, इथे बनवणार असाल तर राहा. कंपनीने हिशेब मांडला, एवढ्याशा गिऱ्हाइकीत तो बसेना, आणि १९५४ साली गाशा गुंडाळला. फोर्डनेही तेच केलं. आणि तीस वर्षांनी त्याच जनरल मोटर्सच्या इंग्रज शाखेची मोडीत निघालेली मुलगी, साच्यांसकट, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या घरी नांदायला आली. पुढच्या दाराने बाहेर काढलेला पाहुणा मागच्या दाराने जेवायला बसावा, तसं हे झालं.

सरदारीण आली खरी, पण इंजिनाशिवाय आली. मग कंपनीने अॅम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन तिला बसवलं. हे इंजिन वाईट नव्हतं. इंग्लंडात १९५५ सालच्या एमजी नावाच्या चिमुकल्या स्पोर्ट्स गाडीत त्याच घराण्यातलं इंजिन तुरुतुरु धावत होतं. पण कॉन्टेसाच्या बॉनेटखाली त्याची ताकद जेमतेम पन्नास घोड्यांची, आणि ओढायचा होता जवळजवळ बारा क्विंटलचा ऐवज. लोकांनी दुरून पाहिलं की छाती दडपायची. खंबाटकी घाटात मागून पाहिलं की दया यायची. ट्रकवाले हात दाखवून पुढे जात.

दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन आणलं, अठ्ठ्याऐंशी घोड्यांचं, बरोबर पाच गिअर, आणि नाव ठेवलं कॉन्टेसा क्लासिक. आता खरी सरदारीण झाली. अंग इंग्रज, काळीज जपानी, माहेर बंगाली आणि नाव इटालियन. आणि इसुझूमध्येही १९७१ पासून जनरल मोटर्सचा मोठा वाटा होता, म्हणजे हृदय बदललं तरी रक्तगट जुळला म्हणायचा.

तिच्या बरोबरीने मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ साली एक गाडी काढली होती, स्टँडर्ड दोन हजार नावाची. रोव्हरचं देखणं अंग आणि आत आजोबांच्या काळचं इंजिन. ती १९८८ पर्यंतसुद्धा धड टिकली नाही. तिच्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही. तेव्हा ऐषारामी म्हणावी अशी देशी मोटार उरली ती हीच. आमच्या लहानपणी हिंदी सिनेमातला स्मगलर कॉन्टेसातून उतरला नाही, तर तो किरकोळ स्मगलर आहे हे आम्ही पिटातल्या पोरांनी लगेच ओळखायचं.

इथवरची बखर कागदावरची. पुढची आबांच्या तोंडची.

आबा म्हणजे आमच्या ताईचे सासरे. वय एक्याऐंशी. इतिहासाचार्य राजवाडे कागदपत्रांसाठी गावोगाव वणवण फिरले; आम्हांला हे दप्तर ताईच्या ओसरीवर, विडी ओढत बसलेलं सापडलं. कृष्णाकाठच्या एका सहकारी साखर कारखान्यात आबा चेअरमनच्या गाडीवर ड्रायव्हर होते. १९८८ ते १९९९, अकरा वर्षं, पांढरी कॉन्टेसा क्लासिक.

सहकारी साखर कारखान्यांचा इतिहास सगळे प्रवरानगरपासून, १९५० पासून, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यापासून सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण आबा तो गाड्यांवरून सांगतात. "जीप असली तर नुसता पुढारी. अँबॅशिटर असली तर निवडून आलेला. आन् कॉन्टेसा असली, म्हंजे फुडच्या खेपंलाबी निवडून येनार." पश्चिम महाराष्ट्राच्या राजकारणावर मोठमोठे ग्रंथ आम्ही चाळले आहेत. एवढा नेमका सिद्धान्त कुठे आढळला नाही.

आबांनी ती गाडी लाखो किलोमीटर चालवली. मुंबईला मंत्रालय, पुण्याला साखर आयुक्तांचं ऑफिस, पंढरपूर, तुळजापूर, लग्नं, मयतं. तिचा आवाज बदलला की त्यांना झोपेत कळायचं. तिची मागची सीट ते रोज सकाळी झाडत, शनिवारी ओल्या फडक्याने पुसत, आणि चेअरमनसाहेब बसायच्या आधी उन्हाने तापली नाही ना हे तळहाताने बघत. पण अकरा वर्षांत त्या सीटवर ते एकदाही बसले नाहीत. एकदा रात्री घाटात फॅनचा पट्टा तुटला. चेअरमन मागून आलेल्या गाडीने पुढे गेले, आणि आबा पहाटेपर्यंत गाडीपाशी राहिले. थंडीचे दिवस. मी विचारलं, "मग मागे आडवं व्हायचं की, आबा. पलंगाएवढी सीट."

"छ्या! मळली असती की," आबा म्हणाले. ते रात्रभर स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते.

दाजींच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा चेअरमननी मोठ्या मनाने वरातीला गाडी दिली. गाडी दिली म्हणजे ड्रायव्हरही दिला. मागे नवरा-नवरी, पुढे बँड, आणि स्टिअरिंगवर नवरीचा बाप. वरातीचे एकोणीस फोटो आहेत. त्यांतल्या एकात आबा आहेत, म्हणजे आबांचं कोपर आहे.

हे कोपर दाजींच्या मनात पंचवीस-तीस वर्षं कुठेतरी टोचत असावं. दाजी तसे मुलखाचे व्यवहारी. ऊस, दोन म्हशी आणि गावच्या सोसायटीचं संचालकपद. पण परवाच्या दिवाळीत भाऊबीजेच्या जेवणानंतर त्यांनी मला गोठ्याकडे नेलं आणि म्हणाले, "पाव्हणं, कॉन्टेसा घ्यायची म्हणतो. आबास्नी मागं बसवायचं हाय. डोळं हायत तवर. जमाखर्च तेवढा तुमी लिवा. आन् तुमच्या ताईला इतक्यात नको."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या मनात आधी घसारा आला. आयकराच्या नियमाने मोटारीवर दरसाल पंधरा टक्के घसारा, तोही घटत्या किमतीवर. त्या हिशेबाने एक लाखाची मोटार तीस वर्षांनी वहीत ७६३ रुपयांची उरते. या पद्धतीची खुबी अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. हे मी दाजींना सांगितलं. त्यांना त्यातला शेवटचा भाग फार आवडला. बँक अशा गाडीला कर्ज देते का, हेही त्यांनी विचारलं. तीस वर्षांची मोटार तारण म्हणून घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो असतो, तर साहेबांनी आधी माझीच प्रकृती विचारली असती. शेवटी पैसे पतपेढीतून उभे राहिले.

गाडी सापडली पुण्यात. एका जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली, १९९२ चं मॉडेल. डॉक्टर वारले होते, मुलगा अमेरिकेत, आणि घरात फक्त आजी. गाडी सात वर्षं जागची हलली नव्हती. आजींनी दाजींची जी चौकशी केली, तिच्यापुढे स्थळं बघणं हा पोरखेळ आहे. गाव कुठलं, शेती किती, घरात माणसं किती, गाडी उभी करायला छप्पर आहे का. "मागे तीन मुलं येऊन गेली," त्या म्हणाल्या. "एकाला हिला जमिनीला टेकवायची होती, दुसऱ्याला हिच्या सायलेन्सरमधून आवाज काढायचे होते, आणि तिसरा लग्नाच्या भाड्याला लावणार होता. मी म्हटलं, निघा. तुम्हांला कशाला हवीय?"

दाजींनी सांगितलं. बोलण्यात ते काही कुशल नाहीत. वरात, कोपर आणि घाट यांची पार सरमिसळ झाली. आजी थोडा वेळ ताडपत्रीकडे बघत राहिल्या. मग एक लाखाची बोललेली गाडी त्यांनी पंच्याऐंशी हजारांना दिली, आणि आतून डॉक्टरांची पान्ह्यांची पिशवी आणून दिली. पिशवीत प्रत्येक पान्हा फडक्यात गुंडाळलेला होता.

टेम्पोवर घालून नायिका सासरी आली. सोसायटीच्या गोदामात तिला उतरवलं आणि पुढचे आठ महिने जे चाललं त्याला इतिहासात उत्खनन म्हणतात. एअर फिल्टरमध्ये उंदराचं घर निघालं, आत चार पिल्लं आणि डॉक्टरांच्या लेटरहेडचे बारीक तुकडे. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. ब्रेक अडकून बसले होते. आणि पत्रा! वरून पाहिलं तर गाडी ठणठणीत, पण पायाखालची जाजमं उचलल्यावर जमीन दिसली. गाडीची नव्हे, गोदामाची. डेंटिंगवाल्याने बोटाने जरा दाबलं की तिथे भोक पडायचं. शेवटी दाजींनी त्याला बोट खिशात ठेवायला सांगितलं. त्याने कुजलेला पत्रा कापून काढला, नव्या पत्र्याचे तुकडे ठोकून आकाराला आणले आणि गॅस वेल्डिंगने बसवले. जुन्या गाड्यांच्या कामात सगळ्यांत जास्त वेळ या कामाला जातो, आणि पुट्टी भरून रंग मारला की ते कुणालाच दिसत नाही. बँकेतल्या ताळेबंदाचंही तसंच असतं.

इंजिनासाठी आम्ही कोल्हापूर गाठलं. कोल्हापूरच्या मोटारींचा विषय निघाला की लोक छत्रपतींच्या मेबॅकबद्दल बोलतात. दसऱ्याला ती निघते आणि शहर तिला बघायला लोटतं, तेही खरं. पण कोल्हापूरचं खरं मोटारवैभव शिवाजी उद्यमनगरात आहे. ऑइल इंजिनं आणि ओतकाम यांवर वाढलेला हा भाग. इथे लेथवर उभा असलेला माणूस 'पार्ट मिळत नाही' हे वाक्य समजू शकत नाही. आम्ही इंजिन उतरवून नेलं. सिलिंडर फारसे झिजले नव्हते, तेव्हा रिंगा आणि बेअरिंगं बदलून हाफ इंजिनवर भागणार होतं. पण वॉटर पंपाचा शाफ्ट गेला होता आणि तो बाजारात मिळेना. लेथवाल्याने तो तुटका शाफ्ट उजेडात धरला, उलटा केला, जिभेने 'च्यक्' असं केलं आणि म्हणाला, "नमुना हाय न्हवं? मग उद्या या." दुसऱ्या दिवशी शाफ्ट तयार. १९७२ च्या इंग्लंडची, १९८० च्या जपानची आणि उत्तरपाड्याची सगळी भानगड त्याने एका रात्रीत निस्तरली, मजुरी नऊशे रुपये.

तसं मागच्या दिव्यांच्या बाबतीत जमेना. काच काही लेथवर निघत नाही. डावा दिवा पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी, जुने फोन आणि बिनहाताच्या बाहुल्या यांच्यामध्ये मिळाला. उजवा मिळायला चार महिने लागले. तो कलकत्त्याच्या मल्लिक बाजारातून कुरिअरने आला. बंगालमधून आलेला दिवा उजवा निघावा याचं आम्हांला जरा नवल वाटलं.

जमाखर्च मी लिहीत होतो. ताईला इतक्यात नको, या अटीमुळे दाजींच्या घरच्या वहीत सगळा खर्च 'गोठा दुरुस्ती' या खात्यावर पडत होता. ती वही दाजींच्या हातची. माझ्याकडे खरी वही वेगळी होती. एके दिवशी ताईचा मला बँकेत फोन आला. काउंटरवर ही रांग.

"एक सांग," ताई म्हणाली. "गोठ्याला पाच टायर कशाला लागले?"

मी म्हटलं, "ताई, मी आत्ता कॅशवर आहे."

"बरं. आणि रेडिएटर? म्हशींना उकडतंय का?"

त्या रविवारी मला गावी जावं लागलं. ताईने खरी वही मागून घेतली, चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, आणि 'चहा, ६,३०० रुपये' या नोंदीवर बोट ठेवून, एवढा चहा घरून किटलीने नेता आला नसता का, असं विचारलं. बाकी चार लाख तेहतीस हजारांबद्दल ती काही बोलली नाही. आत गेली, ट्रंकेतून नणंदेच्या लग्नाचा अल्बम घेऊन आली, आणि गोदामात कुशनवाल्यापुढे उघडून म्हणाली, "हा तपकिरी रंग कुणी सांगितला? सीट मोतिया रंगाची होती. बघा." बघितलं. कोपराच्या मागे, नवरीच्या शालूआड, चार बोटं सीट दिसत होती. मोतिया.

कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. खाजगी मोटारीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे दर पाच वर्षांनी पासिंग करून ते वाढवायचं, आणि वर आपल्या राज्यात पंधरा वर्षांवरच्या गाडीला २०१० पासून पर्यावरण कर. वाढवायची फी पूर्वी सहाशे रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना दहा हजार. म्हातारपण महाग असतं. पण सरकारने २०२१ मध्ये आणखी एक नियम काढला. मोटार पन्नास वर्षांची झाली आणि मूळ रूपात राहिली, की तिला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं, वेगळी नंबर प्लेट मिळते, आणि मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही, फक्त मिरवायची. म्हणजे पन्नाशीच्या आत ती भंगार आणि पन्नाशीनंतर वारसा. आमची कॉन्टेसा तेहतिशीची. मी सेहेचाळिशीचा. तरुण म्हणून बढती नाही आणि ज्येष्ठ नागरिक म्हणून ठेवीवर अर्धा टक्का जादा व्याज मिळायलाही चौदा वर्षं अवकाश. मला तिची अडचण फॉर्म न भरताच कळत होती.

ती कशाने गेली, हेही इथेच सांगतो, कारण आरटीओच्या बाकावर बसल्या बसल्या आबांनीच मला ते विचारलं. चांगली गाडी बंद का केली? १९९३ मध्ये मोटारी बनवायचं लायसन्स सुटलं, आणि पाठोपाठ परदेशी कंपन्या आल्या. सिएलो, एस्कॉर्ट, पुण्यात जुळणारी मर्सिडीज. पण बाहेरच्यांचं काय सांगावं? जनरल मोटर्स परत आली ती हिंदुस्थान मोटर्सशीच भागी करून, आणि गुजरातेत हालोलला जी ओपेल अॅस्ट्रा काढू लागली, ती म्हणजे इंग्लंडात व्हॉक्सहॉल नावाने विकली जाणारीच गाडी. कॉन्टेसाच्या माहेरची धाकटी बहीण तिच्याच नवऱ्याच्या घरात सवत म्हणून आली. पाठोपाठ १९९८ मध्ये दुसरी सवत, जपानी लान्सर. त्यात ही थोरली लिटरमागे नऊ-दहा किलोमीटर पेट्रोल पिणारी. २००२ मध्ये ती संपली. २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचं कामच थांबलं आणि अॅम्बॅसेडरही गेली. २०२२ मध्ये कॉन्टेसा हे नावसुद्धा दुसऱ्या कंपनीला विकल्याची बातमी आली.

आबांनी हे सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "नाव इकलं? निस्तं नाव?" आणि बराच वेळ मान हलवत राहिले.

इन्स्पेक्टर तरुण होता. त्याने बॉनेट उघडायला लावलं, चासी नंबर पेन्सिलीने कागदावर उतरवला, हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले. सगळं झाल्यावर त्याने हळूच विचारलं, "जरा बसून बघू का?" आणि स्टिअरिंगवर बसून मोबाइलवर फोटो काढून घेतला. पासिंग झालं.

पाडव्याला गाडी ओसरीपुढे आली. ताईने ओवाळलं. आबांनी धुतलेलं धोतर आणि कोट घातला होता. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक टायरला चपलेने टोचलं, कान लावून इंजिन ऐकलं, मग मागचं दार उघडलं. आणि सवयीने खांद्यावरच्या उपरण्याने सीट झाडायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडली, तळहात ठेवून तापली नाही ना ते पाहिलं. आम्ही सगळे उभे. दाजी स्टिअरिंगवर समोर बघत बसलेले. आबा दार लावून घेतात की काय, असं मला एक क्षण वाटलं. पण ताई म्हणाली, "आबा, बसा आता. दूध उतू जाईल माझं." मग ते बसले. कडेला, दाराला चिकटून, एसटीत बसतात तसे. कोट सावरून.

मी पुढे दाजींच्या शेजारी. कारखान्याच्या रस्त्याने तीन-चार किलोमीटर गेलो. दाजी जपून चालवत होते. मागून आवाज नाही. मला वळून बघायचा धीर होईना, दाजींनाही नसावा. त्यांनी आरसा दोनदा हलवला. कारखान्याचं गेट मागे पडलं, तेव्हा आबा पुढे वाकले.

"आरं, हितनं रस्ता कुटं दिसतोय?" ते म्हणाले. "निस्ती तुजी मान दिसती की. म्हंजी सायेब अकरा वर्सं माज्या मानंकडं बघत बसलं व्हतं व्हय?"

दाजी काहीच बोलले नाहीत.

"तिसरा टाक, चढ हाय," आबा म्हणाले. "आन् उद्या जाऊन केस काप. लई वाडल्यात मागनं."